स्थूल, सूक्ष्म आणि सूक्ष्माहून सूक्ष्म : जैन क्षेत्रगणिताची वाटचाल

जंबूद्वीपाचा परिधी किती, असा प्रश्न स्वाध्यायात मुरलेल्या एखाद्या वयोवृद्ध श्रावकास विचारला, तर उत्तर क्षणात मिळते : ३,१६,२२७ योजने, ३ कोस, १२८ धनुष्ये आणि साडेतेरा अंगुलांहून किंचित अधिक. श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांच्या ग्रंथांत हा आकडा आढळतो. पिढ्यान्‌पिढ्या तो मुखोद्गत होत आला. परंतु हा आकडा आला कोठून, तो काढण्याची रीत कोणती आणि तो कितपत बरोबर आहे, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. श्रद्धेने जपलेल्या गोष्टीची मोजदाद करणे हा तिचा अवमान होय, असे अनेकांस वाटते. वस्तुतः ज्या आचार्यांनी हा आकडा मांडला, त्यांनी स्वतः मोजण्याचा कंटाळा कधी केला नाही. त्यांच्या क्षेत्रगणिताचा, म्हणजेच आजच्या भाषेत भूमितीचा, संक्षिप्त परिचय करून देणे आणि त्या गणिताचे मोठेपण नेमके कशात आहे ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गणिताची आवश्यकता

जैन वाङ्मयाची विभागणी चार अनुयोगांत केली जाते. त्यांपैकी लोकाची रचना, काल आणि कर्म यांचा गणिताच्या आधारे विचार करणाऱ्या अनुयोगास दिगंबर परंपरेत करणानुयोग, तर श्वेतांबर परंपरेत गणितानुयोग म्हणतात. शास्त्राच्या चार स्तंभांपैकी एक स्तंभ गणिताचा असावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. वैदिक परंपरेत भूमितीचा उगम यज्ञवेदीच्या बांधणीत झाला. शुल्बसूत्रांतील दोरी प्रत्यक्ष जमिनीवर ताणली जात असे. जैन मुनींना वेदी बांधावयाची नव्हती. त्यांना विश्वाची मोजणी करावयाची होती, आणि त्या विश्वाच्या जमिनीवर दोरी टाकणे शक्य नव्हते. म्हणून त्यांची दोरी बुद्धीची झाली. स्थानांगसूत्रात गणिताचे दहा विषय सांगितले आहेत : परिकर्म, व्यवहार, रज्जू, राशी, कलासवर्ण, यावत्‌तावत्, वर्ग, घन, वर्गवर्ग आणि विकल्प. यांतील रज्जू म्हणजे दोरी, अर्थात क्षेत्रगणित. लोकाच्या उंची-रुंदीचे जे महाप्रमाण, त्याचेही नाव रज्जूच आहे.

आधुनिक भूगोल आणि शास्त्रातील लोकवर्णन यांचा मेळ घालण्याचा किंवा त्यांत वाद उभा करण्याचा प्रयत्न येथे केलेला नाही. वर्तुळ कल्पनेतील असो, कागदावरील असो वा बैलगाडीच्या चाकाचे असो, त्याचे नियम सर्वत्र तेच असतात. जंबूद्वीपाच्या निमित्ताने वर्तुळाविषयी जे सिद्ध झाले, ते प्रत्येक वर्तुळास लागू पडते. गणिताच्या इतिहासाला तेवढे पुरेसे आहे.

धनुष्य, दोरी आणि बाण

जंबूद्वीप हे १,००,००० योजने व्यासाचे वर्तुळ मानले आहे. त्यात पूर्व-पश्चिम पसरलेली सात क्षेत्रे आणि त्यांना विभागणारे सहा पर्वत आहेत. दक्षिणेकडील भरतक्षेत्राची रुंदी १ भाग धरली, तर पुढील हिमवान पर्वताची २, त्यापुढील क्षेत्राची ४, अशी ती प्रत्येक वेळी दुप्पट होत मध्यावरील विदेहक्षेत्रापाशी ६४ भागांस पोचते आणि तेथून उत्तरेकडे त्याच क्रमाने निम्मी होत पुन्हा १ वर येते. या सर्व भागांची बेरीज १९० होते. म्हणून भरतक्षेत्राची रुंदी १,००,००० भागिले १९०, म्हणजे ५२६ पूर्णांक ६/१९ योजने.

वर्तुळाच्या कडेचा असा तुकडा कापला, की त्याची आकृती धनुष्यासारखी दिसते. वक्र कड म्हणजे धनुष्याचा दांडा, सरळ कड म्हणजे दोरी आणि मधली रुंदी म्हणजे चढवलेला बाण. त्यामुळे धनुःपृष्ठ, जीवा आणि इषू अथवा बाण ही नावे रूढ झाली. तत्त्वार्थाधिगमसूत्रावरील जे भाष्य श्वेतांबर परंपरेत उमास्वातींचे स्वतःचे मानले जाते, त्यात या धनुष्याचे सर्व नियम एकत्र दिले आहेत. व्यासाच्या वर्गाची दसपट करून वर्गमूळ काढले की परिधी मिळतो. परिधीला व्यासाच्या चतुर्थांशाने गुणले की क्षेत्रफळ येते. व्यासातून बाण वजा करून उरलेल्यास बाणाने आणि मग ४ ने गुणावे, त्याचे वर्गमूळ ही जीवा होय. बाणाच्या वर्गाची सहापट आणि जीवेचा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की धनुःपृष्ठ हाती येते.

लहान उदाहरण घेतल्यास हे नियम सहज पडताळता येतात. १० हात व्यासाच्या वर्तुळात २ हात बाणाचे धनुष्य घ्यावे. १० वजा २ म्हणजे ८. ८ गुणिले २ गुणिले ४ म्हणजे ६४. त्याचे वर्गमूळ ८. जीवा बरोबर ८ हात. हा नियम पूर्णपणे अचूक असून त्यात कसलाही ढोबळपणा नाही. धनुःपृष्ठ मात्र या रीतीने ८८ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ९.३८ हात येते, तर त्याची खरी लांबी सुमारे ९.२७ हात आहे. अर्थात हा नियम जवळपासचा आहे. परंतु तो वाटेल तसा बसवलेला नाही. अर्धवर्तुळास तो लावून पाहिला तर उत्तर १० च्या वर्गमूळावर आधारलेल्या परिधीच्या नेमके निम्मे येते. एक नियम दुसऱ्या नियमाशी विसंगत ठरू नये, याची दक्षता त्यात दिसते.

हे नियम भरतक्षेत्रास लावले असता त्याच्या उत्तरेकडील कडेची, म्हणजे मोठ्या जीवेची, लांबी सुमारे १४,४७१ योजने येते. ग्रंथांतही तीच दिली आहे.

साडेतेरा अंगुलांचे रहस्य

आता आरंभीच्या आकड्याकडे वळावे. व्यास १,००,००० योजने असल्यास त्याच्या वर्गाची दसपट १,००,००,००,००,०००, म्हणजे १ वर अकरा शून्ये. या संख्येचे पूर्णांकी वर्गमूळ ३,१६,२२७ येते आणि ४,८४,४७१ बाकी उरते. प्राचीन गणिती या बाकीस वर्गमूळाच्या दुपटीने, म्हणजे ६,३२,४५४ ने भागत आणि येणारा अपूर्णांक मूळ संख्येस जोडत. १ योजन म्हणजे ४ कोस, १ कोस म्हणजे २,००० धनुष्ये, १ धनुष्य म्हणजे ४ हात आणि १ हात म्हणजे २४ अंगुले, हे कोष्टक घेऊन ती बाकी क्रमाने उतरवत गेल्यास प्रथम ३ कोस येतात, मग १२८ धनुष्ये, आणि शेवटी १३ अंगुले पूर्ण होऊन अर्ध्या अंगुलाहून थोडे अधिक उरते. शास्त्रातील आकडा तंतोतंत हाती येतो.

आज आपण १० चे वर्गमूळ हव्या तितक्या स्थळांपर्यंत काढू शकतो. तसे काढल्यास अंगुले साडेतेरा येत नाहीत, तेरालाही किंचित कमी पडतात. म्हणजे शास्त्रातील ते साडेतेरा अंगुल हीच त्या गणितज्ञांची सही आहे. कोणत्या रीतीने हिशेब केला याचा पुरावा त्या शेवटच्या अंगुलात शिल्लक राहिला आहे. ३ लक्ष १६ हजार योजनांच्या मोजणीत या रीतीमुळे पडलेला फरक एका अंगुलाहूनही कमी आहे. तिलोयपण्णत्तीत तर अंगुलाच्याही खाली यव, यूका, लिक्षा अशी उतरंड लावून केसाच्या अग्रापर्यंत बाकी नेली आहे. ज्या काळी हातांत धूळपाटीखेरीज साधन नव्हते, त्या काळातील ही चिकाटी पाहून मस्तक नम्र होते.

परंतु येथेच थांबल्यास इतिहासाशी प्रतारणा होईल. वर्तुळाचा परिधी आणि व्यास यांचे गुणोत्तर, ज्यास आज शाळेत पाय म्हणून शिकवतात, ते १० चे वर्गमूळ नव्हे. १० चे वर्गमूळ सुमारे ३.१६२३ आहे आणि पायची किंमत सुमारे ३.१४१६. फरक शेकड्यास पाऊणटक्क्याहूनही कमी. पण १,००,००० योजनांच्या वर्तुळात तो २,०६८ योजनांचा होतो. वर्गमूळ केसाच्या अग्रापर्यंत काढले, पण ज्या संख्येचे ते काढले तीच मुळात दोन हजार योजने लांब होती. सूक्ष्मता आणि सत्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून बोलके उदाहरण गणिताच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

हा दोष केवळ जैन गणितज्ञांचा होता असे नाही. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परिधी ६२,८३२ दिला. त्यावरून पाय ३.१४१६ येतो, आणि तोही आसन्न, म्हणजे जवळचा आहे, हे त्याने स्पष्ट केले. तरीही त्यानंतर ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने व्यवहारासाठी ३ आणि सूक्ष्म गणितासाठी १० चे वर्गमूळच स्वीकारले. ही किंमत लक्षात ठेवण्यास सोपी होती आणि वर्गमूळाच्या रीतीत चपखल बसत होती. जैन परंपरेत तर तिच्यावर द्वीप-समुद्रांचे शेकडो आकडे उभे होते. ती बदलणे म्हणजे सर्व इमारतीचा पाया पुन्हा रचणे होते.

लोकाचे घनफळ आणि वीरसेनांचा युक्तिवाद

यतिवृषभ आचार्यांच्या तिलोयपण्णत्ती या प्राकृत ग्रंथात वर्तुळापलीकडचे, घनाकृतींचे गणितही विपुल आहे. लोकाची उंची १४ रज्जू. तळाशी रुंदी ७ रज्जू, मध्यलोकी ती १ रज्जू होते, ऊर्ध्वलोकाच्या मध्यावर ५ आणि शिखरावर पुन्हा १. उत्तर-दक्षिण जाडी सर्वत्र ७ रज्जू. अधोलोकाच्या दोन टोकांच्या रुंदीची सरासरी ४, तिला उंची ७ आणि जाडी ७ ने गुणले की १९६ घनरज्जू. ऊर्ध्वलोकाच्या साडेतीन-साडेतीन रज्जूंच्या दोन भागांत सरासरी रुंदी ३. त्यांचे घनफळ मिळून १४७. एकूण ३४३ घनरज्जू, म्हणजे ७ चा घन. लोकाचे तुकडे निरनिराळ्या आकृतींत कापून व पुन्हा जुळवून दरवेळी हेच उत्तर काढून दाखविण्याचा उपक्रमही तिलोयपण्णत्तीत आहे. एकाच राशीचा ताळा अनेक मार्गांनी घ्यावा, ही हिशेबाची उत्तम शिस्त त्यात दिसून येते.

येथे एक मतभेद होता. लोक हा मृदंगासारखा गोल आहे, असे काही आचार्य मानत. षट्खंडागमावर धवला ही विशाल टीका लिहिणाऱ्या आचार्य वीरसेनांनी या मताचा परामर्श घेतला. ही टीका इसवी सन ८१६ मध्ये पूर्ण झाली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. वीरसेनांनी मतभेद शब्दांनी मिटवला नाही, गणिताने मिटवला. लोक गोल धरल्यास त्याचे घनफळ किती येईल, ते त्यांनी काढून दाखवले. ते ३४३ च्या निम्म्याहूनही कमी भरते. ज्याअर्थी घनफळ ३४३ मानलेले आहे, त्याअर्थी आकार गोल असू शकत नाही. लोकाची जाडी सर्वत्र ७ रज्जू आहे, हे सूत्रात स्पष्ट सांगितलेले नसले तरी त्याचा निषेधही केलेला नाही, म्हणून युक्तीने सिद्ध होणारी गोष्ट मान्य करण्यास प्रत्यवाय नाही, अशी त्यांची भूमिका होती. आगमाविषयी पूर्ण आदर आणि तर्काचा निर्भय वापर या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी नांदू शकतात, हे वीरसेनांनी दाखवून दिले.

गोल लोकाचे घनफळ काढताना त्यांना शेंडा कापलेल्या शंकूचे घनफळ हवे होते. त्यासाठी त्यांनी योजलेली रीत अपूर्व आहे. त्यांनी त्या शंकूच्या मध्यातील समान जाडीचा स्तंभ वेगळा काढला. राहिलेली पोकळ आकृती एका बाजूने चिरून उलगडली, तेव्हा ती सुपासारखी पसरली. तिचे मधला आणि दोन बाजूंचे असे भाग केले. बाजूच्या तुकड्यांचे पुन्हा तसेच भाग केले. आणि ही क्रिया अखंड चालू ठेवली. दर पायरीला मिळणारे घनफळ आधीच्या पायरीच्या चतुर्थांश असते. असे चतुर्थांशाचे चतुर्थांश अनंतवेळा मिळवत गेले, तर एकूण बेरीज पहिल्या राशीच्या एक पूर्णांक एक-तृतीयांश पट होते. ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अन्वस्त वक्राचे क्षेत्रफळ काढताना याच चतुर्थांशाच्या श्रेढीचा आधार घेतला होता. दोघांचा परस्परांशी संबंध असल्याचे काहीही प्रमाण नाही. अनंताचे भय न बाळगता त्याची बेरीज करण्याचे धैर्य दोघांनीही दाखवले, एवढे खरे.

सूक्ष्माहून सूक्ष्म

याच प्रकरणात वीरसेनांनी वर्तुळाच्या परिधीचा एक वेगळा नियम दिला आहे. व्यासाला १६ ने गुणावे, त्यात १६ मिळवावेत, ११३ ने भागावे आणि आलेल्या राशीत व्यासाची तिप्पट मिळवावी. हा परिधी सूक्ष्माहूनही सूक्ष्म आहे, असे त्या नियमात म्हटले आहे.

या नियमातील मिळवावयाचे १६ अभ्यासकांना कोड्यात टाकतात. ते वगळले तर पायची किंमत ३५५ भागिले ११३, म्हणजे ३.१४१५९२९ येते आणि ती सहा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक आहे. हीच किंमत चीनमध्ये त्सू छुंगचिर याने पाचव्या शतकात दिली होती. १६ कायम ठेवले तर १ रज्जू व्यासाच्या लहान वर्तुळास हा नियम लागू पडत नाही, परिधी ३.२८ येतो, जो १० च्या वर्गमूळाहूनही वाईट आहे. त्यामुळे नियमाच्या शब्दांचा अर्थ कसा लावावा, यावर विद्वानांत चर्चा झाली आहे. ही त्रुटी झाकण्याचे कारण नाही.

परंतु हाच नियम, १६ सकट, जंबूद्वीपाच्या १,००,००० योजने व्यासास लावला तर काय होते ते पाहावे. १६ लक्षांत १६ मिळवून ११३ ने भागल्यास १४,१५९ योजने आणि पाऊण-अर्ध्याच्या आतला अंश येतो. त्यात ३ लक्ष मिळवले की परिधी ३,१४,१५९ योजने आणि अर्ध्या योजनाहून थोडा कमी होतो. आजच्या गणिताने येणाऱ्या परिधीत आणि यात जेमतेम एक-षष्ठांश योजनाचा फरक आहे. जेथे जुन्या किंमतीने २,०६८ योजनांची तफावत पडत होती, तेथे वीरसेनांच्या नियमाने ती एका कोसाच्याही आत आली. शास्त्रात पूर्वापार चालत आलेल्या आकड्यापेक्षा वेगळे उत्तर देणारा नियम आगमाच्या टीकेतच नमूद करण्यास वीरसेनांचा हात कचरला नाही, हे विशेष.

महावीराचार्य आणि राष्ट्रकूटांचा दरबार

वीरसेनांचे शिष्य जिनसेन यांना राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग गुरुस्थानी मानत असे. इसवी सन ८१४ ते ८७८ असे दीर्घकाळ राज्य करणाऱ्या या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील आजचे मळखेड. आजच्या महाराष्ट्राचा बराच मोठा प्रदेश त्याच्या साम्राज्यात होता. त्याच राजवटीत, ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह हा संस्कृत ग्रंथ रचला. ज्योतिषापासून स्वतंत्र असा, केवळ गणितास वाहिलेला हा ग्रंथ दक्षिण भारतात दीर्घकाळ अभ्यासला गेला. लौकिक, वैदिक आणि धार्मिक अशा सर्व व्यवहारांत गणिताचा उपयोग होतो आणि चराचरातील कोणतीही वस्तू गणिताविना नाही, असे त्यांनी आरंभीच सांगितले आहे.

या ग्रंथाच्या क्षेत्रगणित प्रकरणात त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ यांच्याखेरीज यवाच्या, मृदंगाच्या, हत्तीच्या दाताच्या आणि चाकाच्या धावेच्या आकाराची क्षेत्रे येतात. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे महावीराचार्यांनी प्रत्येक ठिकाणी दोन प्रकारची उत्तरे वेगळी ठेवली : व्यावहारिक आणि सूक्ष्म. १३, १४ आणि १५ हात बाजूंचे त्रिकोणी शेत घेतले, तर व्यावहारिक रीतीने त्याचे क्षेत्रफळ ९८ चौरस हात येते आणि सूक्ष्म रीतीने ८४. बांधावर उभे राहून अंदाज घ्यावयाचा तर पहिली रीत चालेल. खरेदी-विक्री करावयाची तर दुसरीच हवी. कोणते उत्तर कोणत्या प्रतीचे आहे, हे घेणाऱ्यास आधीच सांगावे, हा प्रामाणिकपणा त्यात आहे. कापड मोजताना गज ताणून धरला आहे की सैल, हे गिऱ्हाइकास दिसू द्यावे, तसेच हे.

महावीराचार्यांच्या चुकाही नमूद केल्या पाहिजेत. लंबवर्तुळाचा, त्यांच्या शब्दांत आयतवृत्ताचा, विचार करणारे ते भारतातील पहिले ज्ञात गणितज्ञ होत. ३६ हात लांब आणि १२ हात रुंद आयतवृत्ताचा परिधी त्यांच्या सूक्ष्म नियमाने सुमारे ७७.८ हात येतो. खरा परिधी ८० हातांच्या किंचित वर आहे. शंभरात तीनचीच ही चूक असून अशा अवघड वक्रासाठी ती फार मोठी नव्हे. मात्र क्षेत्रफळासाठी त्यांनी वर्तुळाचाच नियम चालवला. परिधीला लहान व्यासाच्या चतुर्थांशाने गुणले. त्यामुळे उत्तर २३३ चौरस हात येते, जेव्हा खरे क्षेत्रफळ ३३९ आहे. जवळजवळ एक-तृतीयांश क्षेत्र हरवते. वाट नवी असली की ठेच लागते. पण ती वाट प्रथम कोणी चालली, हेही विसरता येत नाही.

आणखी एक गोष्ट विचार करावयास लावते. वीरसेनांचा सूक्ष्माहून सूक्ष्म नियम धवलेत लिहिला गेल्यावर अवघ्या तीन-चार दशकांत, त्याच राजवटीच्या छायेत गणितसारसंग्रह तयार झाला. पण त्यात तो नियम आढळत नाही. तेथे व्यावहारिक गणितासाठी ३ आणि सूक्ष्म गणितासाठी १० चे वर्गमूळच आहे. दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांना धवलेचा उत्तम परिचय होता. तरीही त्यांच्या त्रिलोकसारात जुनीच सूक्ष्म किंमत कायम राहिली. सत्य सापडणे आणि सत्य प्रचलित होणे यांत किती अंतर असते, हे यावरून ध्यानी येते.

ग्रंथांचा पुनर्जन्म

पुढे तर तो नियम धवलेबरोबर शतकानुशतके नजरेआड राहिला. धवलेच्या प्राचीन ताडपत्री प्रती मूडबिद्री येथे जपल्या गेल्या. त्यांचे दर्शन होई, पूजा होई. वाचन मात्र होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे सेठ माणिकचंद आणि सोलापूरचे सेठ हिराचंद नेमचंद यांच्या प्रयत्नांनी त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. पुढे विदिशा येथील सेठ शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या नावाच्या जैन साहित्योद्धारक फंडाच्या वतीने डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. सुमारे दोन दशकांत सोळा खंड पूर्ण झाले. लखनौचे गणिताचे अभ्यासक डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी या मालेसाठी धवलेतील गणितावर लेख लिहिला, तेव्हा वीरसेनांचे हे कार्य आधुनिक गणितज्ञांसमोर आले. ग्रंथ लिहून झाल्यास तोवर अकराशे वर्षे उलटली होती.

गणितसारसंग्रह १९१२ मध्ये मद्रास येथे एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह प्रकाशित केला होता. सोलापूरच्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती ज्या जैन संस्कृती संरक्षक संघास अर्पण केली, त्याच्या जीवराज जैन ग्रंथमालेत १९४३ आणि १९५१ मध्ये तिलोयपण्णत्तीचे दोन भाग निघाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन हे त्यांचे संपादक होते. याच मालेत १९६३ मध्ये प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांनी हिंदी अनुवादासह संपादित केलेला गणितसारसंग्रह प्रसिद्ध झाला. पुढे १९७९ मध्ये टी. ए. सरस्वती अम्मा यांच्या भारतीय भूमितीवरील इंग्रजी ग्रंथाने जैन क्षेत्रगणिताला एकूण भारतीय परंपरेत त्याचे योग्य स्थान मिळवून दिले. पैसा व्यापाऱ्यांचा, परिश्रम पंडितांचे आणि कसोटी गणितज्ञांची, अशा तिहेरी सहकार्यातून हे ज्ञान पुन्हा प्रकाशात आले. धर्मादाय धनाचा याहून चांगला विनियोग क्वचितच झाला असेल.

समारोप

उत्सवप्रसंगी पूर्वजांचे गुणगान करताना, आधुनिक विज्ञानाने जे शोधले ते सर्व आमच्या ग्रंथांत आधीच होते, असे म्हणण्याचा मोह होतो. क्षेत्रगणिताचा इतिहास या मोहास आवर घालतो. १० चे वर्गमूळ ही पायची खरी किंमत नव्हती. आयतवृत्ताचे क्षेत्रफळ चुकले. वीरसेनांच्या नियमातील १६ चे कोडे अद्याप पूर्णपणे सुटलेले नाही. हे सारे मान्य केल्यानंतरही जे उरते ते थोडे नाही. जीवेचा निर्दोष नियम उरतो, अनंत श्रेढीची बेरीज उरते, एका राशीचा अनेक वाटांनी घेतलेला ताळा उरतो. आणि या सर्वांहून मोठी अशी एक सवय उरते : आपले उत्तर स्थूल आहे की सूक्ष्म, हे स्वच्छपणे सांगण्याची, आणि सूक्ष्माच्याही पुढे आणखी सूक्ष्म असू शकते याला जागा ठेवण्याची.

जंबूद्वीपाचा परिधी मुखोद्गत असणे ही श्रद्धेची खूण आहे. तो पाटीवर पुन्हा मांडून, साडेतेरा अंगुले कोठून आली आणि दोन हजार योजने कोठे हरवली, हे मुलांना दाखवणे ही ज्ञानाची खूण होय. ताडपत्रांना वेष्टनात जपून ठेवणाऱ्यांचे ऋण मोठे आहे; पण ती वेष्टने सोडून वाचणाऱ्यांवाचून वीरसेनांचा नियम आजही अंधारातच राहिला असता. गावोगावच्या ग्रंथभांडारांत अशी किती वेष्टने न सोडता पडून आहेत, याचा विचार प्रत्येक विश्वस्त मंडळाने करावा. ज्या आचार्यांनी आकाशाएवढ्या वर्तुळाची बाकी केसाच्या अग्रापर्यंत मोजली, त्यांचे खरे पूजन त्यांचा हिशेब पुन्हा तपासण्यानेच होईल.